पतीचे नाव आवश्यक आहे

"मग खोटं लिहिणाऱ्या माणसाला मठात ठेवायचं तरी कशासाठी, अक्का?"

राजशेखरचा आवाज इतका चढला की पडवीत शेंगा निवडणाऱ्या बायांचे हात थांबले.

अक्कांचे थांबले नाहीत. त्याही शेंगाच निवडत होत्या.

"कोण खोटं लिहितं?"

"महानंदा. दवाखान्याच्या खिडकीवरची."

"काय लिहिलं तिनं?"

"परमेश्वर!"

अक्कांनी मान वर केली. "परमेश्वर खोटा?"

बाया हसल्या. राजशेखर हसला नाही. त्याच्या कानशिलावरची शीर तटतटली होती.

मांजरा नदीच्या काठचा तो मठ अक्कांच्या गुरूंनी उभा केलेला. त्याच्या आवारातला डोळ्यांचा दवाखाना मात्र अक्कांनी काढला. राजशेखर बिराजदार पुण्यातली बरी नोकरी सोडून त्यांच्याकडे दीक्षा मागायला आला, तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, "दीक्षेचं बघू. आधी दवाखान्यातल्या नोंदींचा घोळ निस्तर."

त्यानं तो जीव ओतून निस्तरला. वह्या बंद केल्या. खिडकीत संगणक मांडला आणि त्यावर स्वतःच्या हातानं एक फॉर्म बांधला. नाव, गाव, वय, कुणाची कोण, डोळा कुठला, असे रकाने एकेक भरत खाली यायचं. शेवटी चिठ्ठी निघायची. चिठ्ठीशिवाय तपासणीच्या खोलीत कुणाला घ्यायचं नाही, हा नियमही त्याचाच.

आणि फॉर्म असा पक्का, की एकही रकाना मोकळा सोडता येत नव्हता. जुन्या नोंदीला हात लावता येत नव्हता, फक्त नवी करता यायची. सुरू केलेली नोंद अर्ध्यात सोडून बाहेर पडता येत नव्हतं. पडदा बंद करायची फुलीसुद्धा त्यानं काढून टाकली होती. चुकलं की तांबडी अक्षरं यायची, आणि बरोबर लिहीपर्यंत ती हलायची नाहीत.

त्याला कारणही तसंच घडलं होतं. वह्यांच्या काळात एकदा 'डावा की उजवा' हे लिहायचंच राहिलं, आणि एका म्हाताऱ्याच्या चांगल्या डोळ्याला भूल दिली गेली. डॉक्टरीणबाईंच्या वेळेवर ध्यानात आलं म्हणून निभावलं. त्या दिवशी राजशेखरला जेवण गेलं नव्हतं.

म्हणून तर त्याचा आता संताप होत होता.

"गाव वेगळं, वय वेगळं, समाज वेगळा," तो म्हणाला, "आणि इतक्या बायकांचा नवरा मात्र एकच. परमेश्वर! मी नोंदी चाळत गेलो तर जिथं तिथं हाच. ही काय थट्टा आहे? मी आता तो शब्दच बंद केलाय. पतीच्या रकान्यात परमेश्वर लिहिलं की फॉर्म अडतो. पण असल्या माणसांना अडवायचं कसं?"

"तिला बोलाव."

महानंदा आली. पदराला हात पुसत, मान ताठ ठेवून.

"लिहिलंस तू?"

"लिहिलं, अक्का. खोटं आहे ते. मला ठाऊक आहे." मग तिचाही आवाज चढला. "पण यांचा फॉर्म पुढं सरकू द्यायचा नाही, त्याला मी काय करू? डोळे आलेली बाई समोर उभी, आणि तो आपला 'पतीचं नाव, पतीचं नाव' असा एकच धोशा लावून बसलेला!"

"फॉर्मवर ढकलू नका!" राजशेखर कडाडला.

अक्कांनी हातातली शेंग बाजूला ठेवली.

"खोटं ते खोटंच," त्या महानंदेला म्हणाल्या. "उद्या तू खिडकीत बसू नकोस."

राजशेखरनं सुस्कारा सोडला. अखेर कुणीतरी त्याचं ऐकलं होतं.

"तू बस," अक्का त्याला म्हणाल्या.

"मी?"

"तिला फॉर्मच्या आत हात घालून काही बदलता येत होतं?"

"छे! तेच तर मी—"

"मग तूही घालायचा नाहीस. पडद्यावर दिसेल तेवढंच. शब्द दे."

"दिला," राजशेखर म्हणाला. त्यात अवघड काय, हे त्याला कळलं नाही.

सकाळी तो खिडकीत बसला तेव्हा रांग पार चिंचेपर्यंत गेली होती. त्यानं एकेकाला नीट विचारलं, नीट ऐकलं, नीट लिहिलं. चिठ्ठ्या सुरळीत निघत होत्या. मनात म्हणाला, येऊन बघावं महानंदेनं.

मग एक जाडजूड गृहस्थ बायकोला हाताला धरून आला. तिला मोतीबिंदू.

"पतीचं नाव?"

"मीच की. परमेश्वर."

राजशेखरचा हात थबकला. "खरं नाव सांगा."

"आता खोटं कोण सांगतंय? परमेश्वर माणिकराव. आज्यानं ठेवलंय."

त्या भागात हे नाव गल्लोगल्ली सापडतं. राजशेखरचा सख्खा मावसभाऊ त्याच नावाचा. पण तो शब्द बंद करताना त्याला मावसभाऊ आठवला नव्हता. त्यानं लिहिलं. तांबडी अक्षरं आली. पुन्हा लिहिलं. पुन्हा आली.

मागून रांगेतला कुणीतरी खाकरला.

राजशेखरनं शेवटची अक्षरं खोडली आणि 'परमेश' ठेवलं. फॉर्म मुकाट पुढं गेला. चिठ्ठी निघाली.

त्या गृहस्थानं ती डोळ्यांजवळ धरून वाचली. "हे कोण परमेश?"

"चालतं तेवढं, काका. पुढं व्हा."

"तुमचं नाव निम्मं केलं तर चालंल का तुम्हाला?"

 राजशेखरचे कान तापले. मनाशी म्हणाला, हे काही खोटं नव्हे, ही अडचण आहे.

त्यानंतर ती आली.

तरणी बाई. डाव्या डोळ्यावर पदराचा बोळा घट्ट दाबून धरलेला. पदर ओला होता. निलावती, असं नाव सांगितलं तिनं. गाव सांगितलं, वय अंदाजानं सांगितलं. कुठला डोळा, हे विचारायची गरजच नव्हती.

"लग्न झालंय?"

"झालंय."

"पतीचं नाव?"

तिनं मान फिरवली.

राजशेखरला वाटलं, नवऱ्याचं नाव घ्यायला लाजतेय. तो मऊ आवाजात म्हणाला, "तोंडानं घ्यायचं नसलं तर लिहून द्या."

"लिवता येतंय मला. लाजत न्हाई मी."

"मग?"

"त्याचं नाव कशाला पायजे?"

"फॉर्मला लागतं, बाई."

"ह्यो डोळा कुणी फोडला माहीत हाय का?" तिनं पदर जरासा बाजूला केला. राजशेखरनं बघितलं, आणि बघवेना म्हणून नजर पडद्याकडे वळवली. "त्यानंच. उसाच्या टिपरीनं. आता त्याचंच नाव लावून ह्यो बरा करायचा व्हय? मी न्हाई सांगणार."

राजशेखरनं रकाना मोकळा ठेवून पुढं जायचं बटण दाबलं.

'पतीचे नाव आवश्यक आहे.'

त्यानं एक टिंब दिलं. टिंब चालत नाही, हे त्याला आठवलं तेव्हा अक्षरं पुन्हा तांबडी झाली होती. ती वाक्यं त्यानंच लिहिली होती, जागून, शुद्धलेखन तपासून.

अविवाहित लिहावं का? बोट त्या जागेवर गेलं. समोर तिच्या गळ्यात काळी पोत होती… आणि काल पडवीत सगळ्यांदेखत आपण काय ओरडलो, तेही आठवलं. बोट मागं आलं.

नोंद अर्धी टाकून मागच्या माणसाला घ्यावं, तर तेही होईना. फुली काढून टाकलेली.

"लवकर बगा की, दादा," ती म्हणाली. "ठणका मस्तकात जातोय."

पडदा तसाच होता. चार शब्द, तांबडे.

राजशेखरच्या अंगात एकदम जाळ उठला. कुणाचा हा फॉर्म? कोण बसलंय आत, या बाईला जाब विचारणारं? त्यानं मूठ टेबलावर आपटली. कळफलक उडाला. खुर्ची मागं ढकलून तो ताडताड पडवीकडे गेला.

"अक्का, मला शब्दातून मोकळं करा! आत्ताच्या आत्ता बदलतो मी तो फॉर्म. हा अन्याय आहे, शुद्ध अन्याय! एका बाईचा डोळा नवऱ्यानं फोडलाय आणि तो मेला फॉर्म तिला म्हणतो, त्याचं नाव सांग! काय संबंध? पतीचा रकाना सक्तीचा ठेवायचाच कशाला? 'सांगायचे नाही' असा पर्याय देतो. नाहीतर जवळचं माणूस कोण, एवढंच विचारू. परमेश्वरवरची बंदी उठवतो. अर्धी नोंद बाजूला ठेवायची सोय करतो. मग रांग अडणार नाही, मग—"

तो बोलत राहिला. बोलता बोलता त्याचा राग ओसरला आणि डोळ्यांत चमक आली. नवा फॉर्म त्याला दिसू लागला होता. आधीच्यापेक्षा देखणा.

अक्कांनी त्याला मध्येच तोडलं.

"ती बाई कुठंय?"

"खिडकीशी आहे."

"डोळा?"

"वाईट आहे. फार वाईट."

"आणि तू इथं?"

"अक्का, चिठ्ठी निघत नाहीये ना! चिठ्ठीशिवाय आत—"

"चिठ्ठी निघायची वाट बघ तू," अक्का म्हणाल्या. "तोवर डोळा निघेल."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण इतक्या वर्षांत त्या स्वरात त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि वहाणा न घालताच चालू लागल्या. राजशेखर मागून धावला.

खिडकीशी निलावती भिंतीला टेकून उभी होती. अक्कांनी काही विचारलं नाही. तिचा मोकळा हात आपल्या हातात घेतला आणि तिला तपासणीच्या खोलीकडे नेलं.

खोलीबाहेरचा सेवेकरी समोरच्या कागदांत डोकं घालून बसला होता. पावलं ऐकून त्यानं वर न बघताच तळहात पुढं केला.

"चिठ्ठी?"

अक्का थांबल्या. त्यांच्याच मठात, त्यांच्याच दवाखान्यात, त्यांच्यापुढं असा हात आजवर कुणी धरला नव्हता.

त्यानं वर बघितलं. "अक्का!… चुकलो, अक्का. पण राजशेखरदादांनी सांगितलंय, कुणीही असो…"

"ऐकलंस?" अक्का मान न वळवता राजशेखरला म्हणाल्या.

राजशेखर पुढं झाला. त्यानं सेवेकऱ्याचा हात हलकेच खाली केला आणि दाराचा पडदा बाजूला धरला. निलावती आत गेली.

डॉक्टरीणबाई तिच्याकडे एकदाच बघून उठल्या. बाकीची माणसं बाहेर थांबली. आत भांड्यांचा आवाज झाला, एकदा तिचं कण्हणं ऐकू आलं, मग बराच वेळ काहीच नाही… राजशेखर भिंतीशी उभा होता. खिडकीतल्या संगणकाचा पडदा तिकडे तसाच तांबडा असणार, हे त्याला माहीत होतं. आज पहिल्यांदाच त्याला त्याची लाज वाटली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या हातमोजे काढतच.

"बुबुळ वाचेल असं वाटतंय. नजर किती राहील, ते आज नाही सांगता येत. आणखी उशीर झाला असता तर डोळा काढावाच लागला असता." मग त्या चिडून म्हणाल्या, "केव्हा आली होती ही? एवढा वेळ बाहेर कशी काय ठेवली?"

 सेवेकऱ्यानं राजशेखरकडे बघितलं आणि नजर खाली घेतली.

"मी ठेवली," राजशेखर म्हणाला.

दिवेलागणीला तो पडवीत आला. महानंदा कंदिलाच्या काचा पुसत होती. तिच्यासमोर तो जरा वेळ उभा राहिला. हात जोडावेत की बोलावं, हे त्याला ठरवता येईना. तीच म्हणाली, "बसा, दादा." तो बसला.

अक्का डोळे मिटून होत्या.

"अक्का…"

"हं."

"आज मीही खोटं लिहिलं. एका माणसाचं नाव निम्मं केलं."

"मग?"

"मला उमजत नाही, अक्का." त्याच्या आवाजात पुन्हा धार आली, पण आता ती कुणावर धरावी हे त्याला कळत नव्हतं. "घट्ट बांधलं तर माणसं खोटं लिहितात. नाहीतर बाहेर तळमळतात. सैल सोडलं तर पुन्हा कुणाच्या तरी चांगल्या डोळ्याला भूल देतील. दोन्हीकडून घात माणसाचाच! मग मी करू काय? दार सताड उघडं टाकू? कुणीही यावं, काहीही लिहावं?"

अक्कांनी डोळे उघडले.

"उघडं कशाला टाकतोस? लाव की दार…"

त्यांनी हात केला तो खिडकीबाहेर रांग लागते त्या अंगाला.

"फक्त बाहेर उभा राहून लाव."