दगडांनी राखलेली मुसळी

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावाला भारी घाई होती.

डोंगरावर सफेद मुसळी उगवायची. तिची बोटांसारखी मुळं वाळवून, कुटून बाळंतिणीला दुधातून दिली की तिच्या अंगात पुन्हा बळ येई. पण मुळं भरत आली की वरची पानं गळून जात, आणि रोप कुठे होतं तेच सापडत नसे. म्हणून लोक पानं हिरवी असतानाच कुदळ घेऊन धावत. ‘आज मी नाही उपटली, तर उद्या शेजारी उपटेल!’ असं करता करता डोंगर रिकामा झाला.

त्या गावात ठुमी नावाची एक तडफदार मुलगी होती. तिची थोरली बहीण थंडीत बाळंत होणार होती, आणि आत्ताच चालताना तिला भोवळ येत होती. ठुमी मुसळीसाठी रोज डोंगर पालथा घालायची. एके दिवशी ओढ्यापलीकडे बघते तर काय, सगळा उतार मुसळीच्या पांढऱ्या फुलांनी भरलेला! ठुमी तिथेच नाचली. मग तिने एका रोपाजवळ खुणेचा दगड ठेवला. दुसऱ्याजवळ दुसरा.

“पोरी, डोंगरावर घर बांधतेस की काय?” मागून गावचे म्हातारे कारभारी आले. मुसळी दिसताच त्यांचे डोळे चमकले. “अगं वेडे, आत्ताच उपट! दगड ठेवून चोरांना जागा दाखवतेस होय?”

कारभाऱ्यांचं बोलणं खरं होतं. दगड तर सगळ्यांनाच दिसणार!

“मग सगळ्यांनाच दाखवते!” ती ओरडली आणि धावत गावात गेली. थाळी बडवत दारोदार फिरली. “घरटी एक दगड घ्या आणि चला! प्रत्येक घराचं एक रोप. पानं वाळेपर्यंत कुदळ लावायची नाही!”

“आमचा जन्म हिरवी उपटण्यात गेला,” एक आजी फणकारल्या, “आणि ही कालची पोर आम्हाला शिकवते!”

“म्हणून तर डोंगराला टक्कल पडलंय, आजी!”

सगळे हसले. आजीसुद्धा. आणि दगड घेऊन निघाले.

कारभाऱ्यांनी सगळ्यांत मोठा दगड ठेवला, पण त्यांना धीर धरवेना. आठवडाभरात त्यांनी आपलं रोप उपटलं. मुळं सुतळीएवढी! उन्हात वाळून त्यांच्या काड्या झाल्या.

बाकीचे थांबले. बी पडलं, पानं वाळली, थंडी पडली. मग अख्खं गाव उतारावर लोटलं. ठुमीने दगडाशेजारी खणलं, आणि वर आली जाडजूड, तपकिरी मुळं! तिने दोन मुळं देठासकट पुन्हा मातीत पुरली.

“हे कशाला गं?” आजींनी विचारलं.

“पुढच्या वर्षी मुसळीला पुन्हा यायचंय ना!”

मग सगळ्यांनी तसंच केलं. बहिणीला मुलगी झाली. मुसळी घातलेलं दूध पिऊन बहीण थोड्याच दिवसांत भरली घागर उचलू लागली.

पुढच्या पावसाळ्यात प्रत्येक दगडाभोवती पिल्लांसारखी रोपं उगवली. फक्त मोठ्या दगडापाशी नुसती माती. कारभारी मान खाली घालून उभे राहिले.

“आजोबा, तुमचा दगड इकडे सरकवा,” ठुमी म्हणाली. “माझ्यातलं एक रोप तुमचं.”

तेव्हापासून कारभारी काठी घेऊन उतारावरच बसू लागले. झुडपात जरा सळसळलं की गरजत, “ए, लांब हो! पानं हिरवी आहेत अजून!”

“आजोबा,” ठुमी खालून हसत ओरडे, “ती शेळी आहे!”

तात्पर्य: शेजारी नेईल या भीतीने कच्चं ओरबाडलं तर कुणाच्याच हाती काही लागत नाही; पण सगळ्यांनी मिळून राखलं, आणि थोडं मातीला परत दिलं, तर सगळ्यांना पुरून उरतं.