डाव्या हाताचा जाब

“पण त्या ठोशानं माणूस पडतच नसेल, तर तो मारायचा कशाला?” समरजितने विचारले.

दस्तगीर उस्ताद बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. त्यांनी ती फुंकर पुरी केली.

“पाडायला कुणी सांगितलं?”

“मग ठोसा असतो कशासाठी?”

उस्तादांनी चहा प्यायला. मिरजेतल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रश्न थांबू शकत, चहा थांबत नसे.

समरजित खराडे ज्या खेळात उतरला होता, त्यात ठोसे, लाथा आणि कुस्ती तिन्ही चालतात. चावणे तेवढे चालत नाही. त्याच्या बनियनवर ‘वादळ’ असे इंग्रजीत लिहिलेले होते. गेल्या खेपेला दिगंबर मोहिते नावाच्या जुन्या पैलवानाने या वादळाला मांडीखालून उचलून पहिल्याच फेरीत आडवे केले होते.

रविवारी सांगलीत पुन्हा दिगंबरच होता. पुन्हा हरला, तर आयोजक बोलावणार नव्हते आणि वडील नळाच्या तोट्यांच्या दुकानात बसवणार होते. वडिलांनी स्टूल आणून ठेवले होते; हे त्याने उस्तादांना आल्याआल्याच सांगितले होते.

“उस्ताद, रविवारी माझ्या कोपऱ्यात उभे राहाल का? तुमचा आवाज कानावर आला तरी पुरे.”

“मी आता उभा राहत नाही.”

हे सगळ्या मिरजेला ठाऊक होते. लढतीत रिंगबाहेर शिष्याच्या कोपऱ्यात उभे राहून सूचना देणे उस्तादांनी केव्हाच सोडले होते. कारण विचारले की ते वर पाहत. वर पत्रा होता, पण गावाने त्याचा अर्थ वैराग्य असा लावला होता.

“एकदाच, उस्ताद.”

“आधी तुझा जाब दाखव.”

“जॅब, उस्ताद. जाब नाही.”

“तेच म्हणालो. जाब.”

वडीलधाऱ्यांचा उच्चार एकदाच दुरुस्त करावा. समरजितने आणखी एकदा केला. उस्तादांनी बशी खाली ठेवली, टेबलाला धरून ते खुर्चीतून उठले आणि खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला.

“मार. माझ्या तळव्यावर.”

समरजितने जॅब, म्हणजे डाव्या हाताचा सरळ ठोसा, मारला. तळवा फटकन वाजला. आवाज त्याला आवडला.

तेवढ्यात टॉवेलचे टोक त्याच्या मांडीला लागून गेले होते.

“पुन्हा.”

पुन्हा फटका. पुन्हा टॉवेल.

त्याने वेग वाढवला. टॉवेलनेही वाढवला. थोड्या वेळाने ठोसा निघण्याआधीच टॉवेल मांडीवर येऊन थांबू लागला, पाहुणा लवकर येऊन ओट्यावर बसावा तसा.

“तुम्हाला आधी कळतं कसं?”

“तू सांगतोस.”

“मी?”

“मारायच्या आधी श्वास ओढतोस. मागची टाच उचलतोस. आणि हात परत येताना खालून येतो, पडलेली किल्ली उचलल्यासारखा. दिगंबर त्याच्याच खालून आत शिरला असणार.”

दिगंबर तिथूनच शिरला होता.

“जाब विचारायचा असतो, लेका,” उस्ताद म्हणाले. “तू देतोस.”

...

“विचारायचं काय पण?”

“समोर कोण आहे, ते.”

“दिगंबर आहे.”

“ते पोस्टरवरही लिहिलंय.”

समरजितने मान खाली घातली. बनियनवरचे ‘वादळ’ वाचता येईल इतकी खाली.

“आता मला विचार,” उस्ताद म्हणाले. “तळव्याला नको. कपाळाला. बोट लावल्यासारखा.”

“हळू मारू?”

“मारू नकोच.”

त्याने हात सोडला. हातमोजा कपाळाला जेमतेम लागला आणि सरळ रेषेत गालाशी परत आला. लगेच त्याचा उजवा हात निघाला.

उस्तादांनी तो टॉवेलने बाजूला सारला.

“घाई कसली? विचारलंस ना काहीतरी?”

“हो.”

“मग ऐक की. प्रश्न विचारून उत्तराआधी उठून जातोस. साहेब झालास काय?”

पुन्हा डावा हात गेला. लागला. परत आला. या वेळी समरजित थांबला आणि पाहत राहिला.

उस्तादांची हनुवटी किंचित मागे गेली होती. बस, एवढेच.

तो बाजूला सरकला. पुन्हा हात. हनुवटी पुन्हा मागे. दुसऱ्या बाजूने गेला. पुन्हा हात...

या वेळी हनुवटीबरोबर उस्तादांचा हात खुर्चीच्या पाठीकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला.

समरजितने तो प्रश्न पुन्हा विचारला. त्याच बाजूने, तितकाच हलका.

हात पुन्हा खुर्चीकडे गेला.

मांडीला टॉवेल लागून बराच वेळ झाला आहे, हे त्याच्या आत्ता ध्यानात आले. पण त्याला आता दुसरेच काही दिसत होते. चहा पिताना उस्तादांनी एक पाय लांब ठेवला होता. उठताना टेबलाला धरले होते. मघापासून ते जागचे हलले नव्हते. तोच त्यांच्याभोवती फिरत होता.

त्याने हात खाली घेतले.

“उस्ताद...”

“बोल.”

“तुमचा डावा गुडघा.”

उस्तादांनी वर पाहिले. वर पत्राच होता.

“फार वेळ उभं राहवत नाही तुम्हाला,” समरजित हळूच म्हणाला. “म्हणून कोपऱ्यात...”

हात गालाशी नेऊन तो थांबला.

उस्तादांनी टॉवेलची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली. मग ते सावकाश बसले आणि पाय लांब केला, या वेळी उघडपणे.

“रविवारी,” ते म्हणाले, “तुझ्या बापाचं ते स्टूल घेऊन ये.”