पाहुण्यांपुढे थांबणारे घर

एकदा एक तरुण तंत्रज्ञ माणसापेक्षा आपल्या यंत्रावर अधिक विश्वास ठेवू लागला. घरोघरी इंटरनेटची जोडणी देणे आणि बिघाड काढणे हा त्याचा व्यवसाय. ही विद्या तो एका वृद्ध गुरूंकडे शिकला होता. त्यांचे अर्धे आयुष्य टेलिफोनच्या खांबांवर गेले होते. सारे गाव त्यांना मास्तर म्हणे.

त्याच गावात रेवती नावाची महाविद्यालयीन मुलगी संगणकावर सांघिक खेळ खेळत असे. सायंकाळी सातला सराव सुरू झाला, की तिचा खेळ अडखळू लागे. तिने मारलेली उडी पडद्यावर उमटेपर्यंत प्रतिस्पर्धी तिला बाद करून मोकळा झालेला असे. शनिवारच्या सामन्यात पुन्हा असे झाले तर तिची जागा दुसरीला जाईल, असे संघनायिकेने स्पष्ट बजावले होते.

तंत्रज्ञ तीनदा सायंकाळी सातलाच जाऊन आला. त्याने राउटर बदलला, खेळाचा संगणक थेट वायरीने जोडला, आणि दरवेळी वेग मोजला. दरवेळी आकडा ठणठणीत. तिसऱ्या खेपेस त्याने तक्रारवहीत लिहिले, 'लाईन उत्तम. तक्रार निराधार.' ते वाचून वडील लेकीला म्हणाले, "खेळता येत नाही म्हण की सरळ. लाईनला कशाला नावं ठेवतेस?" त्या दिवसापासून रेवतीने वडिलांशी बोलणे टाकले. तंत्रज्ञ मात्र स्वतःवर खूश होता, आणि हा पराक्रम त्याने मास्तरांनाही ऐकवला.

मास्तर म्हणाले, "उद्या सातला मीही येतो."

दुसऱ्या दिवशी दोघे गेले. वडिलांनी अगत्याने स्वागत केले, आईने टीव्ही बंद केला, चहा आला. मास्तरांनी चहा घेतला, रेवतीला "तुझा सराव चालू दे, बाळ" म्हणाले, आपल्या फोनला घरचे वायफाय जोडून घेतले आणि सरळ निरोप घेऊन बाहेर पडले. राउटरकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. शिष्याला शरमेने घाम फुटला. मास्तर आता थकले, असेच त्याला वाटले.

मास्तर जिन्याच्या पायरीवर बसले. "बस. फोनवर नजर ठेव. निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो, तेवढंच बघ."

दहा मिनिटे आकडा वीस मिलिसेकंदांच्या आसपास होता. मग एकाएकी तो सहाशेवर गेला आणि तिथेच राहिला. आतून रेवतीचा रडवेला आवाज आला, "परत अडकलं."

मास्तरांनी दार ठोठावले. "साहेब, आत्ता काय करत होतात?"

"मी? काही नाही." वडील गोंधळले. ते लग्नसमारंभांचे चित्रीकरण करीत. "कालच्या लग्नाचं शूटिंग इंटरनेटवरून पाठवायला लावलं. रोज याच वेळी लावतो. तुमची माणसं आली की थांबवतो, तुमच्या कामात व्यत्यय नको म्हणून."

शिष्य मान खाली घालून उभा राहिला. मास्तर त्याला म्हणाले, "पोस्टाच्या खिडकीपाशी एकजण चाळीस पार्सलं घेऊन उभा आहे. मागे या मुलीच्या हातात एक पोस्टकार्ड. खिडकी कितीही मोठी असो, तिला थांबावंच लागणार. तू खिडकी मोजलीस, तीही रांग नसताना. तू आलास की हे घर पाहुण्यासाठी सगळं थांबवतं. म्हणजे तीन वेळा तू घर पाहिलंच नाहीस, त्यांचं अगत्य पाहून परतलास. हे घर रोज कसं असतं ते इथं एकीलाच ठाऊक होतं, आणि तिलाच तू खोटं ठरवलंस."

मग त्यांनी राउटरमध्ये वडिलांच्या संगणकाला वेगाची मर्यादा घालून दिली. चित्रीकरण सावकाश जात राहिले आणि आकडा पुन्हा विसावर आला. वडील लेकीच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. "चुकलो गं," एवढेच ते म्हणाले. रेवतीने मान वळवली नाही, पण बाजूचे स्टूल पायाने त्यांच्याकडे सरकवले.

शनिवारी सामन्यानंतर शिष्याने न राहवून फोन केला. रेवती म्हणाली, "जागा टिकली. एक डाव हरले, दादा. पण तो माझ्या चुकीने हरले." तिच्या आवाजात त्या हरण्याचाही आनंद होता.

शिष्याने तक्रारवही काढली. 'तक्रार निराधार' या शब्दांवर रेघ मारली आणि खाली लिहिले, 'तक्रार खरी होती. मी पाहिले तेव्हा घर थांबले होते.'

गाऱ्हाणे तपासायला निघालेल्या प्रत्येकाने थोडा वेळ जिन्यात बसावे.