राजवाड्याची शीळ

खूप जुनी गोष्ट आहे. डोंगरांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची. एका राज्यात समुद्रापासून घाटमाथ्यापर्यंत दयाळ पक्षी राहत. सगळे काळेपांढरे, शेपटी उभारून गाणारे. पण किनाऱ्यावरचे लांब शीळ घालत, पठारावरचे तोडून तोडून गात, आणि डोंगरातल्यांच्या पोटावर काळा रंग जास्त नि आवाजात खरखर. कुणाचं काही अडत नव्हतं.

मग राजाने पिंजऱ्यातच वाढलेला पठारावरचा एक दयाळ दरबारात टांगला आणि दवंडी पिटली, "हाच खरा दयाळ. बाकीचे नुसते कलकलाट करतात." राजाला मी दोष देत नाही. राजे असंच काहीतरी बोलत असतात.

पण रानातल्या पाखरांनी ते मनावर घेतलं. डोंगरातली एक दयाळीण तर राजवाड्याच्या कुंपणावर बसून त्या पिंजऱ्यातल्या दयाळाची शीळ शिकून आली. पुढे तिला तीन पिल्लं झाली. त्यांना तिने तीच शीळ शिकवली आणि बजावलं, "डोंगरातली खरखर कानावर घ्यायची नाही. गावंढळ आहे ती."

तिचा म्हातारा बाप कळवळला. "पोरी, गानं शिकीव, न्हाई कोन म्हनतंय? पर साप आला की आपुन कसं खरखरतो, तेवढं तरी लेकरांस्नी शिकीव. पिंजऱ्यातल्या पाखराला ती हाक कशी ठावं असंल?"

"बाबा, तुम्ही चारचौघांत बोलत जाऊ नका," ती म्हणाली.

पिल्लं उडण्याजोगी झाली होती. एका दुपारी दयाळीण चोचीत किडा घेऊन परतली, तर धामण खोडावरून ढोलीकडे सरकत होती. तिने राजवाड्याची शीळ आठवून पाहिली. तिच्यात पहाटेचं गाणं होतं, वसंताचं होतं. सापासाठी काहीच नव्हतं. चोचीतला किडा पडला आणि तिच्या गळ्यातून बापाची खरखर फुटली.

पिल्लं ढोलीच्या तोंडाशी आली. तेव्हाच उडाली असती तर वाचली असती. पण ती एकमेकांकडे बघून हसली.

थोरलं म्हणालं, "आई, असं नाही ओरडायचं. नीट म्हण ना!"

तेवढ्यात धामण ढोलीपाशी पोचली.

दयाळीण पुढे बरीच वर्षं जगली. राजवाड्याची शीळ तिला शेवटपर्यंत तोंडपाठ होती. ऐकायला ढोलीत कुणी नव्हतं.

तात्पर्य: जो लेकरांना आपल्या बोलीची लाज शिकवतो, त्याची हाक संकटात त्यांच्यापर्यंत पोचत नाही.