कुमुद तळ्याचा गाळ

पूर्वी वेणुमती नगरात श्रुतसेन नावाचा राजा होऊन गेला, त्याच्याच काळात बोधिसत्त्व तिथल्या कुंभारांच्या आळीत जन्माला आला. त्याचे नाव रोहक. नगराच्या पूर्वेला कुमुद नावाचे तळे होते. आता तळी काय सगळीकडेच असतात. पण कुमुदाची गोष्ट वेगळी. ते ज्यांनी पाहिले त्यांना पुढे दुसरे कुठलेच पाणी गोड लागले नाही, असे म्हातारी माणसे सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज जड होई.

उन्हाळ्यात पाणी ओसरले की कुंभार कुदळी नि पाट्या घेऊन तळ्यात उतरत. पहिला दिवस वरच्या ओढ्याचे तोंड मोकळे करण्याचा. मग तळ्याच्या मधोमध खणून माती काढायची. काठाला मात्र कुदळ लावायची नाही, कारण तिथली माती गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली असते आणि त्या गवतात पाणकोंबड्यांची घरटी असतात. कुंभारांच्या मागोमाग शेतकरी गाड्या घेऊन येत आणि उरलेला गाळ शेतात नेऊन टाकीत. दुपारी म्हशी पाण्यात बसत, कडेचे लव्हाळे खात. केवढी गजबज असे ती! यात तळ्याची सेवा वगैरे कुणी करीत नव्हते, बरे का. कुंभाराला मडक्यांसाठी माती हवी होती, शेतकऱ्याला खत हवे होते आणि म्हशीला गारवा. पण पावसाळा सरला की तळे दोन पुरुष खोल भरलेले असे.

श्रुतसेन राजपुत्र असताना याच तळ्यात पोहायला शिकला. शिकवणारा रोहकाचा बाप. बुडी मारून तळाची मूठभर माती आधी कोण आणतो, अशी पैज राजपुत्र आणि रोहक लावीत. रोहक कधी मुद्दाम हरला नाही, म्हणूनच राजपुत्राला तो आवडे. पुढे राजपुत्र गादीवर बसला, कारभारात गुरफटला, आणि तीस वर्षे त्याला तळ्याकडे फिरकायला सवड झाली नाही. राजेपण म्हणजे तरी दुसरे काय असते?

एका वैशाखात तो अचानक तिथे गेला. मनात होते ते निळेशार, काठोकाठ भरलेले पाणी. समोर दिसला चिखल, गाड्यांच्या चाकोऱ्या, शेण आणि कुदळींचा दणदणाट. ही माणसे माझ्या तळ्याची वाट लावणार, असे त्याला वाटले. बिचाऱ्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. लहानपणी उन्हाळ्यात राजघराणे डोंगरावरच्या वाड्यात राहायला जाई. तळे त्याने पाहिले होते ते नेहमी शरद ऋतूत. उन्हाळ्यातले कुमुद त्याने जन्मात पाहिले नव्हते.

त्याने तळ्याभोवती भिंत घातली, पहारे बसवले, माणसाने किंवा जनावराने आत पाऊल टाकायचे नाही अशी आज्ञा केली. राजा दुष्ट नव्हता. कुंभारांची अडचण होऊ नये म्हणून त्याने आळीच्या मागची मातीची टेकडी त्यांना देऊन टाकली. कुंभार खूश झाले. दारात माती, डोक्यावर ओझे नाही, चिखल तुडवणे नाही. रोहकही खूश झाला, खोटे कशाला सांगायचे?

अशी बारा वर्षे गेली. राजा आजारी पडला. वैद्यांनी हात टेकले, तेव्हा एकदा कुमुद डोळे भरून पाहायचे आहे, एवढेच तो म्हणू लागला. त्याला पालखीतून नेले. भर शरद ऋतू होता. जिथे दोन पुरुष पाणी असे तिथे लव्हाळे माजले होते, आणि मधोमध एक बगळा उभा होता. त्याचे गुडघेसुद्धा भिजले नव्हते. राजा पालखीत बसून सगळ्यांदेखत रडला. मग त्याने दवंडी पिटवली, की माझे तळे कुणी मारले हे ज्याला ठाऊक असेल त्याने येऊन सांगावे. अपराधी सापडला की त्याला राज्याबाहेर घालवीन.

कुंभारांच्या आळीत सगळ्यांना कारण ठाऊक होते आणि सगळे गप्प होते. रोहकाचा धाकटा भाऊ मंदर त्याला विनवू लागला, की दादा, राजाला त्याचीच चूक दाखवून का कधी कुणाचे भले झाले आहे? टेकडी जाईल, घरदार जाईल, आणि तळे तर मेलेलेच आहे. रोहकाने शांतपणे ऐकून घेतले, चाकावरचे मडके उतरवून ठेवले, हात धुतले आणि तो राजवाड्यावर गेला.

राजाने त्याला लगेच ओळखले. म्हणाला, "रोहका, मी त्या पाण्याला कुणाचे बोट लागू दिले नाही रे."

"महाराज, ओढ्याबरोबर दर पावसाळ्यात माती येते," रोहक म्हणाला. "ती आम्ही काढीत होतो. तुम्ही माणसे थांबवलीत, माती कशी थांबणार?"

राजाचा चेहरा उतरला. "म्हणजे अपराधी मी?"

"मीही आहे. दुसऱ्याच वर्षी भिंतीवरून डोकावून पाहिले तेव्हा मला कळले होते. पण दारात माती मिळत होती, म्हणून गप्प बसलो. ती टेकडी परत घ्या, महाराज. ती आहे तोवर आमचे पाय तळ्याकडे वळायचे नाहीत."

राजा म्हणाला, "मग राज्याबाहेर कुणाला घालवू? तुला, की मला?"

"दोघेही गेलो तर गाळ कोण काढणार?"

कित्येक दिवसांनी राजा हसला. तळे परत येईल का, असे त्याने विचारले, तेव्हा रोहकाने काही लपवले नाही. येईल, पण बारा वर्षांचा गाळ निदान तितके उन्हाळे तरी घेईल, असे त्याने सांगितले. पूर्वीसारखे मधोमध खणायचे आणि काठ सोडायचा. एक कोपरा म्हशींना, एक पाखरांना. ओढ्याच्या उतारावरची झाडे तोडायची नाहीत, म्हणजे मुळात माती कमी वाहून येईल.

राजाने टेकडी परत घेतली आणि भिंत पाडली. वैशाखात कुंभार कुदळी घेऊन उतरले, गाड्या आल्या, म्हशीही आल्या. राजा काठावर छत्राखाली बसून तो चिखल रोज पाहत असे, आणि कुणी त्याला वाड्यात चला म्हटले तर रागावत असे.

विहारात जमलेल्या भिक्षूंना एवढे सांगून भगवान बुद्ध थांबले. सभेत स्थविर चित्रक खाली मान घालून ऐकत होते. आदल्याच दिवशी त्यांनी विहाराच्या पुष्करिणीभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालून गावकऱ्यांना तिथे यायची बंदी केली होती. पाणी निर्मळ राहावे, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांनी हळू आवाजात विचारले, "भंते, त्या राजाला भरलेले तळे पुन्हा पाहायला मिळाले का?"

"नाही," भगवान म्हणाले. "तो त्याच वर्षी आषाढात गेला. तळे भरले ते चौदाव्या वर्षी. त्या वेळचे कुंभार आणि शेतकरी म्हणजे ही भिक्षुपरिषद. रोहक मीच होतो. आणि चित्रका, तो राजा तू होतास."

स्थविर उठले, त्यांनी वंदन केले आणि ते सरळ पुष्करिणीवर जाऊन एकेक फांदी उपसून काढू लागले. हाताला काटे लागत होते, तरी ते थांबले नाहीत. ज्यावर आपला जीव आहे त्याला कोंडून न घालता त्याची निगा कशी राखावी हे ओळखणे, आणि ओळखल्यावर स्वतःची सोय सोडून ते बोलून दाखवणे, ही बोधिसत्त्वाची त्या जन्मातली प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची पूर्णता होय.