आठशेच पानं का उठतात?

“सोळाशे शिपाई जेवायला बसवले आणि प्रहरभरात पानं उठली फक्त आठशे?” भुजंगराजे गरजले.

राजांच्या लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. तीन हजारांचं वऱ्हाड येणार होतं, आणि मुहूर्त असा चमत्कारिक की सगळ्यांची जेवणं एका प्रहरात उरकून वरात निघायलाच हवी. त्यात व्याही महातापट. उपाशी राहिले तर नवरदेवाला उचलून परत नेतील! म्हणून राजांनी मुदपाकखान्याची परीक्षाच मांडली होती. रोज शिपायांना वऱ्हाडी म्हणून पंगतीला बसवायचं आणि किती पानं जेवून उठली ते मोजायचं. शिपाई भलते खूश होते. कधी नव्हे ते त्यांना कोणी लढायला सांगत नव्हतं.

पहिल्या दिवशी चारशे बसले, चारशे उठले. दुसऱ्या दिवशी आठशे बसले, आठशे उठले. तिसऱ्या दिवशी सोळाशे बसले, तरी उठले आठशेच. राजे स्वतः पंगतीत फिरत होते. प्रत्येक पानासमोर थांबून, हात जोडून “सावकाश होऊ द्या” म्हणत होते, घरच्यांची खुशाली विचारत होते. आणि फिरून आले की कडाडत होते, “एवढा उशीर का होतोय?”

मुख्य वाढपी बाळंभट म्हणाला, “महाराज, भात तर केव्हाच वाढून होतो...”

“वाढपी दुप्पट करा!”

वाढपी दुप्पट झाले. ते एकमेकांवर आदळले, कोशिंबीर सेनापतींच्या पागोट्यात गेली, आणि पानं उठली आठशे. मग चुली चौपट केल्या. धुराने अख्खं नगर खोकलं. पानं आठशे!

“बास! उद्या तीन हजार पानं उठली नाहीत, तर या बाळंभटाच्या गळ्यात पळ्यांची माळ घालून गाढवावरून धिंड काढीन!”

दुसऱ्या दिवशी राजे सराफाकडे दागिने पसंत करायला गेले होते. परतताच प्रधान केरोपंत धावत आले. “महाराज, मीच उभा राहून करवून घेतलं. तीन हजार पानं उठली!”

राजांनी गळ्यातला कंठा काढला. तेवढ्यात मागून आवाज आला, “महाराज, पानं उठली खरी. जेवलं कोण?”

बोलणारी आवडी होती, बाळंभटाची लेक. मुदपाकखान्यासाठी पत्रावळी लावायची आणि उष्टी पानं उचलायची, हे तिचं काम.

“प्रधानजींनी माणूस बसला रे बसला की भालदाराकडून उठवला. भात तसाच, वरण तसंच. सगळी पानं मी गाईंपुढे टाकली. आता नगरातली एक गाय जागची हलायला तयार नाही!”

केरोपंत छताकडे पाहू लागले. राजांनी कंठा पुन्हा गळ्यात घातला आणि आवडीकडे वळले. “फार शहाणी दिसतेस! मग तूच उठव तीन हजार पानं, जेवून! नाहीतर धिंड ठरलेली आहे.”

बाळंभटाची पाचावर धारण बसली. आवडी मात्र म्हणाली, “उद्या उठवते. फक्त महाराजांनी वऱ्हाडी व्हायचं. शेवटच्या पानावर बसायचं आणि काही झालं तरी जागचं हलायचं नाही.”

“कबूल!”

दुसऱ्या दिवशी शिपायांसोबत निम्मं नगर जेवायला लोटलं. तीन हजार पानं मांडली. शेवटच्या पानावर राजे, डोक्याला साधं मुंडासं बांधून. बाळंभटाची माणसं मीठ, लिंबू, चटणी, भाजी, भात, वरण, तूप वाढून बाजूला झाली. वास असा सुटला की राजांच्या पोटात कावळे कोकलू लागले.

पण कोणी भाताला हात लावेना.

घटका गेली. तूप थिजलं. दुसरी घटका गेली. राजांच्या भातावर माशी बसली, भात निरखून उडून गेली. शेजारचा शिपाई पानाकडे बघून रडायला लागला. प्रहर सरत आला तरी तीन हजार माणसं हात मांडीवर ठेवून बसलेली!

“आवडेऽऽ!” राजे बसल्या जागेवरून ओरडले. “काल केरोपंतांनी निदान उठवून तरी दिली होती. आज एकही पान उठलं नाही! काय बदललंस तू?”

“काहीच नाही, महाराज. आचारी तेच, वाढपी तेच, चुली त्याच. आठशे उठत होती त्या दिवसांत आणि आजच्यात फरक एकच. तेव्हा महाराज उभे होते, आज बसलेत.”

राजांची छाती फुगली. “म्हणजे माझ्यावाचून या राज्यात पानसुद्धा हलत नाही!”

“अगदी बरोबर! यजमान समोर येऊन ‘सावकाश होऊ द्या’ म्हणेपर्यंत घास उचलायचा नाही, ही आपल्या घराण्याची रीत. सगळे यजमानांची वाट बघताहेत. आणि महाराज, खुशाली विचारत विचारत चाललं, तर एका प्रहरात किती पानं होतात?”

राजे बोटं मोजू लागले. मोजता मोजता थांबले. फुगलेली छाती हळूहळू खाली आली.

“आठशे,” ते पुटपुटले. मग चिडून ओरडले, “मग काय रीत मोडू? वऱ्हाडाला साधं जेवा म्हणू नको?”

“म्हणा ना! आत्ता ओरडलात ते पहिल्या पानापर्यंत ऐकू गेलं. तेवढ्याच आवाजात एकदाच म्हणा!”

 राजे उठले, चौरंगावर चढले, हात जोडले आणि दाही दिशा दणाणतील असे गरजले, “मंडळी, सावकाश होऊ द्या!”

तीन हजार हात एकदम भातावर पडले. राजे चौरंगावरच पोट धरून हसत सुटले. “आठ दिवस चोर शोधतोय मी, आणि चोर पंगतीत हात जोडून फिरतोय! माग पोरी, काय हवं ते माग! आणि केरोपंत, तो कंठा हिच्या गळ्यात घाला.”

“महाराज, बाबा चाळीस वर्षं वाढताहेत. कधी पंगतीला बसले नाहीत.”

लग्नाच्या दिवशी पहिल्या पंगतीचं पहिलं पान बाळंभटाचं होतं. चौरंगावरून एकदा गरजून झाल्यावर राजे खाली उतरले आणि त्याच्या एकट्यासमोर हात जोडून वाकले. पण चाळीस वर्षं उभ्याउभ्या चार घास गिळून पळणारा बाळंभट तो! तोवर त्याने पान साफ करून धोतर सावरलंसुद्धा होतं.

“अरे बाळंभट,” राजे त्याला खांदे धरून खाली बसवत हसत म्हणाले, “निदान तू तरी सावकाश होऊ दे!”