दोन लाल हातपंप

सावरखिंडीतली पोरं महिनाभर पोटदुखीने हैराण होती. गावात हातपंप बारा, आणि बाराही पंपांचं पाणी तपासून अहवाल तालुक्याला पोचलेले. अंगणवाडीच्या रझियाताई मुलाणींनी ते अहवाल मागितले. पाणीपुरवठ्याचे अधिकारी घोरपडेसाहेब हसून म्हणाले, "ताई, असली माहिती बाहेर गेली की लोकांत घबराट पसरते. देता येणार नाही."

रझियाताई वाद न घालता घरी आल्या आणि त्यांनी एका पंपाला एक, असे माहिती अधिकाराचे बारा अर्ज लिहून टाकले.

महिन्याने बारा उत्तरं आली. चांगले अहवाल द्यायला साहेबांना काहीच अडचण वाटली नव्हती, त्यामुळे दहा पंपांचं पाणी पिण्यास योग्य असल्याचं कळलं. शाळेजवळच्या आणि देवळामागच्या पंपांबद्दल मात्र लिहिलं होतं, "घबराट पसरेल, सबब माहिती देता येत नाही."

ताईंनी त्याच दिवशी ते दोन पंप लाल रंगाने रंगवले. लोकांनी तिथलं पाणी सोडलं. आठवड्यात पोरं खेळायला लागली, आणि साहेब जीपमधून तणतणत गावात आले.

"या पंपांचं पाणी वाईट आहे, असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"तुम्हीच, साहेब!" ताईंनी दोन्ही कागद पुढे केले. "सहीशिक्क्यासकट सांगितलंत. चांगल्या पाण्याने कधी घबराट पसरते का?"

जमलेला गाव खदखदून हसला. संध्याकाळच्या आत बाराही अहवाल ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागले. पुढच्या महिन्याचे तर कुणी अर्ज करायच्या आधीच लागले.